मदत हवी आहे: रिपोर्ट ४६ एक्सवाय, सोमवारी ऑपरेशन. सही करू की नको?

काहूर
लवकर उत्तर हवंय. मुलीच्या गुणसूत्रांचा रिपोर्ट ४६ एक्सवाय, म्हणजे मुलग्यांचा असतो तसा, आला आहे. डॉक्टर म्हणतात ॲण्ड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम (एआयएस). आत ग्रंथी आहेत, त्या ठेवल्या तर कॅन्सर होतो, म्हणून सोमवारी काढायच्या. संमतीचा फॉर्म समोर पडला आहे. नेटवर एक जण म्हणतो ताबडतोब काढा, दुसरा म्हणतो हातही लावू नका. काढायच्या की नाही, एवढंच सांगा.

दुसरं, तिला अजून काही माहीत नाही. 'बीजकोषात गाठी आहेत असं सांगा' हे डॉक्टरांनीच सुचवलं. चालेल ना?

'डॉक्टरांना विचारा' असं कृपया कोणी लिहू नका. त्यांना विचारूनच आले आहे.

शुभ्रकळी
ताई, मुलगी केवढी आहे? चार वर्षांची की चोवीस? आणि तपासणी कशासाठी केली होती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गोरखचिंच
पाळी आली नाही म्हणून तपासलं असेल तर इतकं घाबरू नका. माझ्या भाचीला सतरा पूर्ण झाली तरी आली नव्हती. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला, त्या संपल्यावर पाळी सुरू झाली, आता अगदी नियमित येते. ऑपरेशनआधी हे करून बघा. साधा उपाय आधी, चाकू नंतर.

काहूर
वय सोळा. पाळी आली नाही म्हणूनच गेलो होतो, अजून कशाला जाणार? गोळ्या पहिल्याच डॉक्टरांनी दिल्या होत्या. काहीही झालं नाही. मी विचारलंय ते ऑपरेशनचं.

निरगाठ
काहूर, मी बालसंप्रेरक विभागात बरीच वर्षं काम करते आहे. इथून निदान करता येत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही न लिहिलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे. एवढं सांगा:

सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये गर्भाशय दिसलं का? स्तनांची वाढ झाली आहे का? काखेत आणि जांघेत केस आहेत का? गेल्या काही वर्षांत आवाज घोगरा झाला का? ग्रंथी नेमक्या कुठे आहेत, पोटात की जांघेत? टेस्टोस्टेरॉन आणि एलएच (मेंदूकडून ग्रंथींना हुकूम देणारं हार्मोन) किती? लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का? आणि जनुकाची तपासणी झाली की फक्त गुणसूत्रांची?

का विचारते आहे ते सांगते. ४६ एक्सवाय हे निदान नाही, तिथून शोध सुरू होतो. स्वायर सिंड्रोममध्येही मुलीचे गुणसूत्र ४६ एक्सवायच असतात. पण तिथे गर्भाशय असतं, स्तन आपोआप वाढत नाहीत, आणि ग्रंथी अविकसित, नुसत्या पट्टीसारख्या असतात. त्यांच्यात गाठ होण्याचा धोका बराच असतो, म्हणून निदान झालं की त्या काढतात, थांबत नाहीत. संपूर्ण एआयएसमध्ये, म्हणजे शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद देत नाही तेव्हा, चित्र अगदी वेगळं आहे. '४६ एक्सवाय म्हणजे काढा' आणि '४६ एक्सवाय म्हणजे ठेवा' ही दोन्ही वाक्यं त्यामुळेच अर्धवट आहेत. नेटवरचा गोंधळही बराचसा इथूनच येतो.

गोरखचिंच, गोळ्या थांबवल्यावर जे रक्त जातं ते गर्भाशयाच्या अस्तराचं. गर्भाशय नसेल तर कितीही कोर्स करा, काही होणार नाही. तुमच्या भाचीला गर्भाशय होतं आणि इस्ट्रोजेनही होतं, म्हणून तो उपाय चालला.

दीपमाळ
मी स्पष्ट बोलतो. काढून टाका. माझ्या चुलतभावाचं एक वृषण लहानपणी खाली उतरलं नव्हतं, कोणी लक्ष दिलं नाही, आणि तिशीत त्याच वृषणाचा कॅन्सर निघाला. तो वाचला, पण ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आम्हालाच माहीत. जागेवर नसलेली ग्रंथी आत ठेवून रोज धास्तीत कशाला जगायचं? सही करा आणि मोकळ्या व्हा.

काहूर
घ्या सगळं.

स्तन व्यवस्थित आहेत, वर्गातल्या मुलींसारखेच. केस काखेत नाहीतच, खालीही जवळपास नाहीत, मला ते चांगलंच वाटायचं. आवाज गोड आहे. उंच आहे, माझ्यापेक्षा डोकं वर. गर्भाशय एमआरआयमध्ये नाही. ग्रंथी दोन्हीकडे जांघेच्या वरच्या बाजूला. टेस्टोस्टेरॉन ५४०, शेजारी लाल खूण. एलएच २२. हर्निया चार वर्षांची असताना दोन्ही बाजूंचा झाला होता, त्याचा इथे काय संबंध? जनुकाचं कोणी काही बोललं नाही.

निरगाठ
हर्नियाचा संबंध आहे. मुलींमध्ये दोन्ही बाजूंचा जांघेचा हर्निया तसा कमी दिसतो, आणि अशा मुलींमध्ये शंभरात एक-दोघींना संपूर्ण एआयएस निघतो. अशा वेळी हर्नियाच्या पिशवीत बीजकोष आहे की वृषण हे बघायला हवं. ते तेव्हा बघितलं नाही तर निदान पाळीच्या वयापर्यंत लांबतं. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

आता तुमचे आकडे. ५४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर हे प्रौढ पुरुषाच्या पातळीतलं टेस्टोस्टेरॉन आहे. इतकं असूनही केस नाहीत, आवाज बदलला नाही, म्हणजे शरीर ते वापरतच नाही. टेस्टोस्टेरॉन ज्या रिसेप्टरला चिकटून काम करतं, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्यात बिघाड असला की हार्मोन रक्तात भरपूर, पण पेशींना त्याचा आदेश पोचत नाही. मेंदूलाही तो पोचत नाही, म्हणून एलएच चढलेलं. मग स्तन कसे वाढले? त्याच टेस्टोस्टेरॉनपासून शरीर अरोमाटेज नावाच्या एन्झाइमने इस्ट्रोजेन बनवतं, आणि इस्ट्रोजेनचा रिसेप्टर ठणठणीत आहे. गर्भाशय नाही कारण या ग्रंथी म्हणजे वृषणं आहेत, आणि वृषणातून गर्भावस्थेतच एएमएच नावाचं दुसरं हार्मोन येतं, ते गर्भाशयाचा आणि नलिकांचा पाया विरघळवून टाकतं. त्याच्या कामात अडथळा नव्हता.

सांगायचं हे की तिची वयात येण्याची सगळी वाढ या ग्रंथींनीच केली आहे, आणि आजही तिच्या हाडांना इस्ट्रोजेन तिथूनच मिळतं.

दीपमाळ, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तो अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. संपूर्ण एआयएसमध्ये वयात येण्याआधी गाठीचा धोका एक टक्क्याहून कमी धरतात. प्रौढ वयात तो वाढतो, अभ्यासांमध्ये काही टक्क्यांपासून १४ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून वर आकडे आहेत. धोका आहेच. पण तो पुढच्या सोमवारचा नाही. म्हणूनच आता बहुतेक ठिकाणी वाढ पूर्ण होईपर्यंत ग्रंथी ठेवतात आणि पुढचा निर्णय तिला सोबत घेऊन करतात. काही जणी काढतात, काही जणी ठेवून नियमित सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. जांघेतल्या ग्रंथी पोटातल्यांपेक्षा तपासायला सोप्या जातात. अंशतः एआयएस असेल, म्हणजे शरीर टेस्टोस्टेरॉनला थोडीफार दाद देत असेल, तर हिशेब बदलतो, तिथे खाली न उतरलेल्या ग्रंथींचा धोका जास्त असतो. म्हणून जनुकाची तपासणी हवी. संपूर्ण प्रकारात बहुतेकींना दोष सापडतो, अंशतः प्रकारात पुष्कळदा सापडत नाही.

दीपमाळ
१४ टक्के म्हणजे सातातली एक. तुमच्या घरातली मुलगी असती तर ठेवलं असतं?

निरगाठ
एमआरआयमध्ये गाठ नसती तर ठेवलं असतं, आणि अठराव्या वर्षी तिला विचारलं असतं. काढल्यावर त्या परत लावता येत नाहीत. त्यानंतर साधारण पन्नाशीपर्यंत रोज इस्ट्रोजेन घ्यावं लागतं, गोळी, पॅच किंवा जेल. गोळ्या सुटल्या की हाडं ठिसूळ होतात. सोळाव्या वर्षी हे सगळं तिला न सांगता तिच्यावर टाकायचं?

काहूर, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ग्रंथींबद्दल 'गाठ' किंवा 'संशयास्पद' असं काही लिहिलंय का? तेवढी एकच गोष्ट घाई करायला लावणारी आहे.

अबोली_पुन्हा
ताई, माझंही अगदी हेच होतं. सोळाव्या वर्षी पाळी नाही, सोनोग्राफीत गर्भाशय नाही. त्याला एमआरकेएच म्हणतात. मला कोणीही काही काढायला सांगितलं नाही, माझे बीजकोष छान आहेत. तुमच्या डॉक्टरांचा रिपोर्टच अदलाबदल झाला असेल. परत तपासा. आणि योनी लहान असेल तर ऑपरेशनला मुळीच तयार होऊ नका. डायलेटरने (योनी हळूहळू ताणून मोठी करायचं साधन) होतं, वेळ लागतो पण होतं. मी स्वतः केलंय.

शुभ्रकळी
अबोली, तुला काखेत केस आले होते ना?

अबोली_पुन्हा
हो, सगळं इतर मुलींसारखंच. का?

शुभ्रकळी
कारण फरक तिथेच आहे. एमआरकेएचमध्ये गुणसूत्र ४६ एक्सएक्स, बीजकोष असतात, टेस्टोस्टेरॉन बाईचं असतं तेवढंच. हिचं ५४० आहे. रिपोर्ट अदलाबदल झाला असता तर टेस्टोस्टेरॉन, एमआरआय आणि केस तिन्ही एकाच दिशेला कसे गेले असते? डायलेटरचं तुझं म्हणणं मात्र दोन्हीकडे लागू आहे.

सावलीतली
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे.

मला संपूर्ण एआयएस आहे. वय आता चाळिशीच्या जवळ. काहूर, तुमचा दुसरा प्रश्न कोणी अजून धरलाच नाही, आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

मला पंधराव्या वर्षी सांगितलं गेलं की बीजकोष वळलेले होते, कॅन्सर होऊ शकला असता, म्हणून काढले. आईवडिलांना तसंच सांगायला सांगितलं होतं. मी ते खरं मानलं. 'कॅन्सर' हा शब्द डोक्यात घेऊन कॉलेज केलं, दर वेळी पोटात दुखलं की वाटायचं परत आला. इस्ट्रोजेन का घ्यायचं ते नीट माहीत नव्हतं, म्हणून विशीत मी ते सोडून दिलं. पुढे हाडांची डेक्सा तपासणी झाली तेव्हा कंबरेच्या मणक्याची घनता माझ्या वयाच्या मानाने फार कमी निघाली. खरं निदान मी एका जुन्या फाइलमध्ये स्वतः वाचलं, एकटीने, रात्री. निदानाचा धक्का बसला, तो काही दिवसांत ओसरला. आईला इतकी वर्षं माहीत होतं, हे मात्र पचायला फार वेळ लागला. आईवर माझा राग आता नाही. तिलाही तेव्हा कोणी दुसरा रस्ता दाखवला नव्हता.

तुमच्या मुलीला खोटं सांगू नका. सोळाव्या वर्षी तिच्या हातात फोन आहे. रिपोर्टवरची तीन अक्षरं ती आज ना उद्या शोधणारच आहे.

गोरखचिंच
सावलीतली, तुमच्याबद्दल आदर आहे. पण सोळाव्या वर्षीच्या मुलीला 'तुझे गुणसूत्र पुरुषाचे आहेत' असं सांगायचं? परीक्षा तोंडावर असेल, मन कोवळं असतं. दोन-तीन वर्षं थांबलं तर काय बिघडतं? मी असतो तर थांबलो असतो.

सावलीतली
असं वाक्य कोणीच सांगायचं नाही, कारण ते खरंही नाही. एक वाय गुणसूत्र असल्याने माणूस पुरुष होत नाही. माझं शरीर बाईचं आहे, मी स्वतःला नेहमी मुलगीच समजत आले, आणि संपूर्ण एआयएस असलेल्या जवळपास सगळ्याजणींचं तसंच असतं.

मला कोणी असं सांगायला हवं होतं: 'तुझ्या पोटात गर्भाशय जन्मतःच तयार झालं नाही, म्हणून पाळी येणार नाही. बीजकोषांच्या जागी वेगळ्या ग्रंथी आहेत, त्या हार्मोन बनवतात, त्याच हार्मोनमुळे तू वयात आलीस. तू आजारी नाहीस. तुझ्यासारख्या अजून बऱ्याच आहेत.' मग तिला विचारू द्यायचं. गुणसूत्रांचं ती विचारेल तेव्हा खरं सांगायचं. सगळं एकाच बैठकीत होत नाही. मूल होणार नाही, हे ऐकायला तिला सगळ्यात जड जाईल. तिथे घाईने धीर देऊ नका, रडू द्या. जवळ समुपदेशक असला तर फार बरं.

निरगाठ
यात भर म्हणून: २००५ मध्ये शिकागोत यावर तज्ज्ञांची बैठक झाली, तिचं निवेदन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. एकट्या डॉक्टरने नाही, तर एंडोक्राइनॉलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, सर्जन, मानसतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ अशा गटाने या मुलींची काळजी घ्यावी, आणि मुलीला वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगावं, असं त्यात आहे. 'गाठी आहेत असं सांगा' हा सल्ला त्याआधीच्या काळातला आहे.

उंबरठा
प्रश्नाला धरून नाही, पण हे वाचताना आठवलं. मारिया होसे मार्तीनेझ पातिन्यो ही स्पेनची अडथळ्यांची धावपटू. १९८५ मध्ये कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत गुणसूत्रांच्या चाचणीत तिला बाद ठरवलं. पुढच्या वर्षी ती तरीही देशातल्या स्पर्धेत धावली, तेव्हा गोष्ट वर्तमानपत्रात गेली, पदकं आणि शिष्यवृत्ती गेली. तिला हेच होतं. टेस्टोस्टेरॉन कितीही असलं तरी स्नायूंना ते वापरता येत नव्हतं, मग फायदा कसला? १९८८ मध्ये तिला परत घेतलं. मग आत्ताच्या स्पर्धांमध्ये नियम काय असावा, असं वाटतं तुम्हाला?

दीपमाळ
नियम सगळ्यांना सारखाच असावा. चाचणी म्हणजे चाचणी.

उंबरठा
चाचणी चुकीच्या गोष्टीची असेल तरी? तिचं शरीर...

काहूर
माझी मुलगी धावत नाही. कृपा करून त्यासाठी दुसरा धागा काढा.

एमआरआय परत वाचला. 'गाठ दिसत नाही, दोन्ही ग्रंथी एकसारख्या' असं आहे. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आज सर्जनना फोन करून विचारलं, सोमवारच का? म्हणाले, थिएटर मोकळं आहे. त्यापलीकडे कारण दिलं नाही.

शुभ्रकळी
थिएटर मोकळं आहे हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही. तारीख पुढे ढकला.

परिजात_वेल
मूल दत्तक घेता येतं, आमच्या ओळखीत दोघांनी घेतलं आहे. लग्न ठरवताना मात्र समोरच्यांना आधी सांगावं, असं माझं मत आहे.

काहूर
ती सोळा वर्षांची आहे. लग्नाचं कोणी विचारलेलं नाही.

निरगाठ, एक विचारते. हे माझ्याकडून आलं का? माझ्या आईची एक बहीण होती, तिला पाळी कधी आलीच नाही. घरात यावर कोणी बोलत नसे. आणि मला धाकटी आहे, अकरा वर्षांची.

निरगाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता चित्र बरंच जुळतं.

रिसेप्टरचं जनुक एक्सवर आहे. आई वाहक असेल तर तिच्या दोन एक्सपैकी एक चांगला असतो, त्यामुळे तिला त्रास होत नाही, पाळी येते, मुलं होतात. तिच्या प्रत्येक एक्सवाय अपत्याला एआयएस असण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक एक्सएक्स मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. साधारण दोन-तृतीयांश कुटुंबांत ते आईकडून येतं, बाकीच्यांत दोष नव्याने तयार झालेला असतो. तुमची मावशी बघता तुमच्याकडे आजीपासून चालत आलं असावं. यात दोष कोणाचाच नाही. गरोदरपणात तुम्ही काही केलं किंवा केलं नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आधी थोरलीचं जनुक तपासा. त्यात नेमका दोष सापडला की तुमची आणि धाकटीची तपासणी सोपी होते, फक्त तेवढीच जागा बघायची. धाकटीची गुणसूत्रं किंवा एक साधी सोनोग्राफी आत्ता करणं योग्य आहे, कारण तिलाही एआयएस असेल तर निदान असं अचानक समोर येऊ नये. ती एक्सएक्स निघाली तर ती वाहक आहे का, हे आज बघायची घाई नाही. मोठी झाल्यावर तिचं तिने ठरवावं. तिला हर्निया किंवा जांघेत कधी फुगवटा दिसला का?

काहूर
नाही. काहीच नाही.

सावलीतली
काहूर, ग्रंथी आत्ता ठेवल्या तरी व्हिटॅमिन डी आणि डेक्साचं नक्की विचारा. ग्रंथी असूनही काही जणींची हाडं कमी घट्ट असतात. पुढे कधी काढल्या तर प्रोजेस्टेरॉनची गरज नसते, ते गर्भाशयाच्या अस्तरासाठी देतात. मला मात्र कित्येक वर्षं दोन्ही दिलं गेलं. आणि इस्ट्रोजेनवर मरगळ वाटणाऱ्या काही जणींना टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलेलं आहे. जर्मनीत त्यावर तुलना करणारी चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. दोन्ही औषधं सहन झाली, आणि टेस्टोस्टेरॉनने कामेच्छा वाढल्याचं त्यात नोंदलं आहे. रिसेप्टर काम करत नसताना हे कसं, याचा विचार मी पुष्कळ केला. त्याचं काही अंशी इस्ट्रोजेन होतं हे एक कारण असू शकतं.

दीपमाळ
ठीक आहे, थांबायचं तर थांबा. पण तपासणी एकही चुकवू नका. माझं एवढंच म्हणणं आहे.

निरगाठ
यावर आपलं एकमत.

काहूर
सोमवारची तारीख रद्द केली. सर्जन नाराज झाले. एका मोठ्या रुग्णालयात बालसंप्रेरक विभागाची वेळ मिळाली आहे, तिथे समुपदेशकही आहेत. जनुकाची तपासणी, डेक्सा, धाकटीची सोनोग्राफी, आणि ग्रंथी ठेवल्या तर किती महिन्यांनी बघायच्या, एवढं लिहून घेतलं आहे. आणखी काही विचारायचं असेल तर आजच सांगा.

तिला अर्धं सांगितलं. गर्भाशय नाही आणि पाळी येणार नाही एवढंच. ती गप्प झाली, मग विचारलं, 'सोमवारी मग काय काढणार होते?' पुढचं मी एकटीने सांगणार नाही, समुपदेशकांसमोर सांगणार आहे, असं तिला म्हणाले. ती म्हणाली, चालेल, पण मी आत येणार, बाहेर बसणार नाही.

सावलीतली
तिला आत घ्या. आणि रिपोर्टची एक प्रत तिच्या नावाने तिच्याकडे राहू द्या.

निरगाठ
हर्नियाच्या ऑपरेशनचे जुने कागद असतील तर तेही न्या. तेव्हा पिशवीत काय दिसलं, हे त्यात लिहिलेलं असू शकतं.